साल भरून दिलं

माझे यजमान लॉरी चालवत, पण मालकाने त्यांना ठेवलं होतं सालदार म्हणून. माझ्या खानावळीत जेवायला येणाऱ्या ड्रायव्हरांना हे सांगितलं की ते हसतात. तेव्हाही नंदुरबार स्टेशनावरचे ड्रायव्हर हसत. त्यांना महिन्याच्या महिन्याला पगार मिळे. आमचा करार शेतावरच्या गड्यासारखा, आखाजी ते आखाजी. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. त्या दिवशी जुनं साल संपतं आणि नवं बांधलं जातं. महिन्याला खायला दादर ज्वारी, वर्षाला एक घोंगडी आणि एक जोडा, आणि रोख रक्कम सगळी साल भरल्यावर एकदम. मध्ये अडचण आली तर थोडी उचल.

यात कोणाची लबाडी नव्हती. मालक तळोद्याचा शेतकरी. त्याच्याकडे चार सालदार होते, आणि माणूस कामाला ठेवण्याची त्याला तेवढी एकच रीत ठाऊक होती. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत त्याने एक जुनी लॉरी घेतली आणि तिलाही बैलजोडीच्या हिशेबात धरलं. पोळ्याला तिच्या पुढच्या झाकणाला गेरू फासला, दिव्यांना झूल बांधली आणि जाळीसमोर पुरणपोळी ठेवली. आमचे यजमानही ब्राह्मणपुरीच्या शेतकऱ्याच्या घरातले धाकटे. पोळीचा तुकडा गरम लोखंडाला चिकटवताना तेही हसले नाहीत. सालदार म्हणून बांधून घेताना त्यांना वावगं वाटलं नाही आणि मलाही वाटलं नाही. माझे वडील खेड्यातल्या शाळेत मास्तर होते, मला लिहिता-वाचता येत होतं, हिशेब येत होता. तरी सुचलं नाही.

लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हतं. तेव्हा लॉरीच्या मागे एक उभा लोखंडी पिंप बसवला होता. त्याला भट्टी म्हणत. त्यात लाकडी कोळसा पेटवायचा, हाताने पंखा फिरवून तो फुलवायचा आणि त्याच्या धुरावर इंजिन चालवायचं. भट्टी एकदा विझली की पुन्हा पेटवून गाडी हलेपर्यंत तासभर जाई. मालक म्हणे, कोळसा फुकट जातो. म्हणून ती शक्यतो विझू देत नसत.

माघाच्या वद्य पक्षात ते डोंगराच्या पायथ्याशी लाकूड भरायला गेले. थंडी होती. भट्टी मंद ठेवून, काचा लावून ते गाडीतच झोपले. सकाळी लाकूड भरणाऱ्या लोकांनी दार उघडलं तर संपलेलं होतं. चेहरा लालसर होता. भट्टीचा वायू आत शिरला असं सगळे म्हणाले. लॉरी चालवणारे तेच, त्यामुळे त्यांना घरी आणलं ते बैलगाडीतून.

लोक म्हणाले, हिला धक्का बसलाय, हिला रडवा. मला धक्का बसला होता की काय ते मला सांगता येत नाही. मला काही वाटत नव्हतं, एवढं आठवतं. भाकरी पुढे ठेवली की मी खात होते. चव कशी होती असं कोणी विचारलं असतं तर भाकरीच होती का हेही सांगता आलं नसतं.

दहाव्याला थोरले दीर म्हणाले, मला नाही, माझ्या मुलीकडे बघून म्हणाले, "आखाजी झायनी का गाडी लई येसू. तुन्हा मायले सांग, सामान बांधी ठेव." थोरल्या दिरांशी, म्हणजे जेठाशी, आमच्यात बोलत नाहीत. डोक्यावरचा पदर पुढे ओढायचा आणि भिंतीकडे बघायचं. मी भिंतीकडे बघितलं.

ब्राह्मणपुरीला काय आहे ते मला माहीत होतं. दोन म्हशी, पाच मुलं, आजारी जाऊ, आणि मी. मुलगी अकराव्या वर्षात होती, तळोद्याच्या शाळेत चौथीत. तिच्यासाठी दिरांनी शहाद्याकडचा एक बिजवर बघून ठेवला होता. ते दुष्ट नव्हते. घरात दोन तोंडं वाढणार होती, त्यातलं एक ते कमी करत होते.

मला तळोद्यात राहायचं होतं. त्याला खोलीचं भाडं लागणार होतं आणि काही धंदा सुरू करण्यापुरतं भांडवल. तेवढे पैसे होते. मालकाकडे होते. साडेनऊ महिन्यांची मेहनत त्याच्या पेटीत पडून होती, उचल फक्त एकदा मुलीच्या तापात घेतलेली.

अकराव्या दिवशी मी मालकाकडे गेले. अंगणात लॉरी उभी होती. नंदुरबारहून आणलेला नवा ड्रायव्हर तिच्याखाली आडवा पडला होता. मालक ओट्यावर बसला होता. वयाने तो माझ्या वडिलांसारखा, म्हणून मी त्याला आबा म्हणे. बाकीचे लॉरी आल्यापासून शेठ म्हणू लागले होते.

"आबा, सालना पैसा," मी म्हटलं.

"बठ ना बाई. पानी पेस का?"

"पानी पी उनी घरथीन."

त्याने अंगणातल्या लॉरीकडे बघितलं. मग म्हणाला, "साल कोठे भरनं? आखाजीले आजून सव्वादोन महिना शेत. मोडेल सालना पैसा ऱ्हास का कोठे? तुले बी माहीत शे."

मला माहीत होतं. सालदार मधेच सोडून गेला तर रोख रक्कम बुडते. गडी पेरणीत पळून जाऊ नयेत म्हणून पडलेली ती रीत. मेलेल्या माणसाचं काय करायचं ते रीतीत कुठे नव्हतं.

"त्यासनी साल मोडं नही, आबा. त्या मरी ग्यात."

"मी कोठे म्हनस त्यानी चुकी शे? पन हाऊ नवा डायवर दर महिनाले पैसा मांगस. दोन्हीसले कोठून देऊ?"

लॉरीखालून नवा ड्रायव्हर म्हणाला, "मन्हं नाव कसाले लेतस शेठ, मी त आजून चहा बी नही पिना."

मी घरून निघाले तेव्हा एवढंच ठरवलं होतं की पैसे मागायचे. पुढचं मला तिथे उभं राहिल्यावर सुचलं. सालदार आजारी पडला तर घरातलं दुसरं माणूस त्याच्या जागी येतं आणि साल पुरं करून देतं. भाऊ येतो, मुलगा येतो. त्याला बदली म्हणतात. बदली आली की साल मोडलं असं कोणी म्हणू शकत नाही.

"मंग मी बदली देस," मी म्हटलं.

"कोन? तुन्हा जेठ?"

"मी."

मालक हसला. "तू लॉरी चालाडशी?"

"लॉरी नही. कोयसा फोडसू, चायसू, भट्टी साफ करसू. ते काम बी त्यासनंच व्हतं."

तो अजून हसत होता, तेवढ्यात मालकीणबाई दारात आल्या. हातात सूप होतं. त्या नवऱ्याशी बोलल्या, पण आवाज अंगणभर गेला. "हासस काय? सालदारनी बाई बदली देवाले उनी. तू नही म्हन, चारी गडी देखी ऱ्हायनात. मंग आखाजीले कोन बांधाई तुन्हाकडे? तूच आऊत धरशी का?"

गोठ्याजवळ चौघे सालदार बैलांना पेंडी टाकत होते. पेंडी टाकायला चार माणसं लागत नाहीत. मालकाने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "फोड मंग," तो म्हणाला. "हात काया व्हतीन, माले नको सांगजो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलीला शाळेत पाठवून कामाला लागले.

कोळसा मोलगीकडच्या डोंगरातून येई. पाड्यांवरचे लोक तो टोपल्यांत भरून डोक्यावरून, काही गाढवांवरून खाली आणत. मोठमोठे तुकडे असत. ते फोडून सारखे करायचे. मोठा तुकडा भट्टीत अडकतो, आणि भुकटी गेली तर वाट बुजते. आवळ्याएवढा तुकडा नेमका. माप म्हणून यजमानांनी एक लोखंडी कडी करून ठेवली होती, पिंपाच्या बाजूला खिळ्याला टांगलेली. तुकडा तिच्यातून जायला हवा. तीच कडी मी घेतली. ओला कोळसा वेगळा काढायचा, उन्हात पसरायचा. मग चाळायचं, गोण्या भरायच्या. भट्टी रिकामी असेल त्या दिवशी आत हात घालून राख आणि चिकटा खरवडायचा. माझ्या हातात बांगड्या नव्हत्या, ते त्या कामाला सोयीचं पडलं.

विहिरीवर बायका बोलत. "दहावा सरना नी बाई कोयसामा जाई बठनी." मी घागर भरून घरी येत असे. तोंड धुतलं तरी नाकातून काळं येई. मुलगी विचारायची, "माय, आजना कितवा दिवस?" ती दिवस मोजत होती. मी गोण्या मोजत होते.

पहिल्यांदा ड्रायव्हरने माझ्या समोर भट्टी पेटवली तेव्हा तो वास आला. उग्र, थोडा गोडसर. हाच तो, असं मनात आलं. वारा माझ्याकडे होता. मी चाळण उचलली आणि दुसऱ्या बाजूला जाऊन बसले. वाऱ्याची दिशा बघून बसायचं हे तेव्हापासून ठरून गेलं. आणखी काही झालं नाही. काहीतरी व्हायला हवं होतं असं पुढे अनेक वर्षं मला वाटत आलं आहे.

होळीला डोंगरातून कोळसा येईना. होळी म्हणजे तिथला सगळ्यांत मोठा सण. पाच दिवस एकही टोपली खाली उतरली नाही. मालक म्हणाला, घरी जा. मी गेले नाही. घरी गेले असते तर ते खाडे धरले असते. पाचही दिवस मी भट्टी आणि तिच्या नळ्या घासत बसले. मालकीणबाईंनी तेवढ्यात मला लसूणही सोलायला दिला. सोलून दिला.

आखाजी आली. गावभर कडुनिंबांना झोके बांधले होते. माहेरी आलेल्या मुली गाणी म्हणत होत्या. आमच्या मुलीला तिच्या मैत्रिणी घेऊन गेल्या. मी मालकाच्या ओट्याखाली उभी राहिले. चौघा सालदारांचे हिशेब झाले, मोच्याने त्यांच्या पायाची मापं घेतली. आमच्याकडे साल पुरं झालं की गड्याचा पाय कातड्यावर मांडून घेतात आणि मग रोख रक्कम त्याच माणसाच्या हातात देतात. माझी पाळी आली तेव्हा मालकाने वही मिटली.

"तुन्हा खाडा शेत. सुतकना दहा, होळीना पाच."

"होळीना नही. भट्टी कोनी घासी?"

"लसून बी सोलना तिनी," आतून मालकीणबाई म्हणाल्या.

"बरं, दहा," मालक म्हणाला. त्याला वाटलं असावं की मी रडारड करीन आणि तो काहीतरी थोडकं देऊन मोकळा होईल.

"दहा दिवस भरी देस," मी म्हटलं, आणि चाळण उचलली.

दुसऱ्या दिवशी थोरले दीर गाडी घेऊन आले. मी अंगणात कोळसा फोडत होते. पदर पुढे ओढला तर पदराला काळे ठसे उमटले. ते माझ्याशी बोलू शकत नव्हते, म्हणून मालकाशी बोलले. "हाई काय सोंग शे? मन्हा भाऊनी बाई कोयसा फोडस. गावमा मन्हं तोंड कोठे ऱ्हायनं?"

"मन्हं काय जास?" मालक म्हणाला. "तीच म्हने, साल भरी देस. दहा दिवस बाकी शेत."

"नी पैसा?"

"साल भरनं का देसू."

दिरांनी बैलांची दोरी हातात घेतली. मग म्हणाले, "मंग दहाव्या दिवसले येसू." मोकळी गाडी घेऊन ते निघून गेले. ते मला न्यायला येणार की पैसे न्यायला, हे त्यांनी सांगितलं नाही. एकाच फेरीत दोन्ही होणार होतं. पैसे त्यांच्या हातात गेले की मला गाडीत बसण्यावाचून दुसरं काही उरणार नव्हतं.

ते दहा दिवस मी रोजच्यासारखेच काढले. ऊन वाढलं होतं. अंगणातली फरशी इतकी तापे की पायाखाली गोणपाट घ्यावं लागे.

दहाव्या दिवशी दुपार उतरल्यावर मालकाने पेटी बाहेर आणली. दीर आले होते, ओट्यावर त्याच्या शेजारी बसले होते. मोची आला होता, कारण एक जोडा राहिला होता. चौघे सालदारही कुठून तरी जमले. एक जण बैलाच्या शिंगाला तेल लावत होता. ते शिंग त्याने फार वेळ चोळलं.

मालक दिरांना म्हणाला, "घरना मानूस उना शे, आते काय चिंता? बाईमानूसना हातमा येवढा पैसा देवाले माले बी बरं वाटत नही." दिरांनी मान हलवली. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं.

मोच्याने कातडं ओट्याच्या पायरीवर अंथरलं. "जोडा कोना पायना?"

"जाऊ दे जोडा," मालक म्हणाला. "मरेल मानूसले जोडा कसाले?"

"साल भरनं, आबा," मी पायरीखालून म्हटलं. "जोडा देना पडस."

"देसू ना बाई, देसू." त्याला पेटी लवकर मिटायची होती.

दिरांच्या वहाणा झिजलेल्या होत्या. त्यांनी उजवी वहाण काढली आणि पाय कातड्यावर ठेवला. "मन्हा पायना ली ले," ते मोच्याला म्हणाले. त्यांच्या मनात काही काळंबेरं असेल असं मी आजही म्हणत नाही. नवा जोडा फुकट मिळत होता, एवढंच असेल. पण ज्याचा पाय कातड्यावर, साल त्याचं. मोच्याने हातातला खडू पायाभोवती फिरवला की मालकाला पैसे कोणाच्या हातात द्यायचे याचा विचारही करावा लागला नसता.

लग्नाला सोळा वर्षं झाली होती. दिरांशी मी सरळ बोलले ते हे पहिलं वाक्य.

"भाऊ, पाय काढा."

दिरांनी माझ्याकडे बघितलं, बहुतेक त्यांनीही पहिल्यांदाच. पाय तसाच राहिला.

मी पायरीजवळ गेले. "बदली मी व्हतू," मी म्हटलं. "माप मन्हा पायनं."

शिंग चोळणारा सालदार बैलाकडे बघत म्हणाला, "बराबर शे. कोयसा कोनी फोडा?"

"तू शिंग चोय," मालक म्हणाला.

"चोयीच ऱ्हायनू ना शेठ. सालभर चोयसू. कोयसा कोनी फोडा, येवढंच इचारी ऱ्हायनू."

बाकीचे तिघे हसले. दिरांनी पाय उचलला आणि वहाणेत घातला. "आते बाई जोडा घाली फिरी," ते म्हणाले. "रांडमुंड बाई, नी मानूसना जोडा."

मालकीणबाई दारात होत्याच. "फिरू दे ना. उन्हायामा पाय तिना भाजतस, तुन्हा नही."

मोची म्हणाला, "माय, पाय मांडा." त्याचा खडू मोडला होता. त्याने अंगणातलाच एक कोळशाचा तुकडा उचलला, मी फोडलेला, आवळ्याएवढा, आणि माझ्या पायाभोवती रेघ ओढू लागला. तळव्याच्या आतल्या बाजूला कोळसा आला तेव्हा गुदगुल्या झाल्या. माझा पाय आपोआप आखडला. "हालू नका माय," तो म्हणाला. माघापासून त्या दिवसापर्यंत मला अंगावर काही जाणवलं असेल तर ते एवढंच. मी ते कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंही.

मालकाने रक्कम माझ्या हातात मोजली. उचल वजा केली, ती बरोबर होती. घोंगडीही दिली. मग मोच्याला म्हणाला, "पाय ल्हाना शे, कातडं कमी लागी. उरेल कातडं माले दे."

"जोडा पूरा ठरेल शे, आबा," मी म्हटलं. "उरेल कातडं मन्हं."

तो माझ्याकडे बघत राहिला. "तू जर मानूस व्हतीस ना," तो म्हणाला, "त मी तुले नवा सालले बांधं नसतं." मोच्याने उरलेल्या कातड्यातून मुलीच्या सपाता निघतील असं सांगितलं. मी हो म्हटलं.

घोंगडी मी दिरांना दिली. भावाची आठवण म्हणून, असं एव्हाना अंगणात आलेल्या मुलीकडे बघून म्हटलं. पुन्हा पदर ओढला होता. रिकाम्या हाताने परत जाताना त्यांना गावात तोंड दाखवायचं होतं, म्हणून दिली. त्यांनी घेतली. गाडी जुंपताना ते मुलीला म्हणाले, "दिवाईले यी जा." बिजवराचं नाव त्यांनी काढलं नाही. पुढेही काढलं नाही.

त्या पैशांतून लॉऱ्या थांबतात तिथे एक खोली घेतली, पुढे ओसरी होती. दोन मोठी पातेली घेतली, एक तवा, ताटं सहा. पहिला जेवायला आला तो मालकाचा नवा ड्रायव्हर. मी त्याला महिन्याचे पैसे आधी मागितले. तो म्हणाला, "आखाजीले दिधात त चाली का?" मी त्याच्यासमोरचं ताट उचललं, तेव्हा त्याने काढून दिले.

जोडा आठ दिवसांनी तयार झाला. जाड होता, चालताना करकर वाजे. पहिल्यांदा बाजारापर्यंत जाऊन येईतो दोन्ही टाचांना फोड आले. घरी येऊन त्यांना तेल लावलं आणि पिठाला बसले. संध्याकाळी चार माणसं जेवायला येणार होती.